बदलीवर गेला आणि पार्टीच घेऊन गेला

ठाणे-नवी मुंबईत हळदी, नवरात्र, दिवाळी पहाटेच्या सुपाऱ्या (कार्यक्रमांची कामं) घेणाऱ्या वादकमित्रांनी हे वाचावंच. ज्याने मला फसवलं तो याच पट्ट्यात कीबोर्ड वाजवतोय.

आपल्याकडे करारपत्र नसतं, शब्द असतो. एकाच दिवशी दोन कार्यक्रम आले की आपण बदली पाठवतो. बदलीवाल्याने ज्याची सुपारी त्याच्या नावाने वाजवायचं, पार्टीने, म्हणजे कार्यक्रम देणाऱ्याने, नंबर मागितला तर त्याचाच द्यायचा. पुढे बदलीवाल्याकडे जास्तीचं काम आलं की तो आपल्याला हाक मारतो. कळव्यापासून पनवेलपर्यंत कित्येकांची घरं या शब्दावर चालतात.

करोनानंतर या मुलाला कुणी विचारत नव्हतं, तेव्हा माझ्या प्रत्येक कार्यक्रमात मी त्याला घेतलं. गेल्या दिवाळीत माझा ठाण्यात तलावपाळीला कार्यक्रम होता, म्हणून खारघरच्या एका सोसायटीची पहाट त्याच्यावर सोपवली. व्यवहार ३५,००० चा, कलाकार पाच. १०,००० आगाऊ मिळाले होते, उरलेले २५,००० तो आणणार होता. आणले १६,०००. "दादा, साडेतीन हजार टीडीएस कापला, साडेपाच पुढच्या महिन्यात देतो म्हणाले." गायिका आणि ढोलकीवाल्याची पाकिटं मी पदरचे घालून पूर्ण केली.

उलगडा झाला ढोलकीवाल्यामुळे. घणसोलीचा पोरगा. गुढीपाडव्याआधी त्याचा फोन आला, "दादा, खारघरच्या त्याच सोसायटीसाठी मला परस्पर विचारलंय. तुम्ही नाही का?" असा माणूस आयुष्यभर जपावा.

मी थेट सोसायटीच्या ऑफिसात गेलो. खजिनदारांनी फाईल काढली. व्हाउचरवर २५,००० रोख, 'पूर्ण मिळाले', रेव्हेन्यू स्टॅम्पवर त्याची आडवी सही, आणि टाचणीला त्याचं कोरं करकरीत व्हिजिटिंग कार्ड. सेक्रेटरी काकू म्हणाल्या, "ते म्हणाले, तुम्ही आता कार्यक्रम घेत नाही."

नऊ हजार गेले त्यापेक्षा हे वाक्य जास्त लागलं. वर्षानुवर्षं सांभाळलेली पार्टी, आणि तिला सांगितलं काय, तर मी वाजवणंच सोडलं!

टीडीएसची थाप पकडता येते. खरोखर कापायचा असेल तर आधी पॅन मागतात; माझ्याकडे कुणीच मागितला नव्हता. कापलेली रक्कम आयकराच्या पोर्टलवर आपल्या पॅनच्या करनोंदीत दिसते. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या कपातीचं विवरण कापणाऱ्याने ३१ जानेवारीपर्यंत भरायचं असतं, म्हणजे दिवाळीतली कपात फेब्रुवारीत तपासायची. आणि बदली पाठवताना पार्टीला व्हॉट्सअॅपवर लिहून कळवा: अमुक वादक माझ्या वतीने येतोय, बाकी रक्कम माझ्याच यूपीआयवर टाका. तोच मेसेज बदलीवाल्यालाही पाठवा.

माझे पैसे अजून आलेले नाहीत, त्याने मला ब्लॉक केलंय. सध्या तो कोपरखैरणे, नेरूळकडे नवरात्रासाठी वादक जमवतोय. तुम्हाला असा परस्पर फोन आला, तर सुपारी मुळात कुणाची होती ते विचारा आणि होकार देण्याआधी त्या माणसाला एक फोन करा.