पॅडॉक स्टँड की कारचा जॅक?

केटीएमच्या ड्यूक ३९० बाइकला सेंटर स्टँड नाही, आणि चेन तर दर पाचशे-सहाशे किलोमीटरला तेल मागते. त्यासाठी मागचं चाक उचलून फिरवता यायला हवं. डिकीतला कारचा जॅक फुकटात हाताशी असतो. पण तो टेकवायचा कुठे? इंजिनाखाली सायलेन्सर किंवा ऑइलचा बोल्ट आडवा येतो, शिवाय साइड स्टँडवर तिरकी असलेली गाडी एका बिंदूवर डुगडुगते. लाकडी ठोकळा ठेवूनही माझा धीर होत नाही.

पॅडॉक स्टँड, म्हणजे गाडी मागून उचलून धरणारा सुटा स्टँड, स्विंगआर्मच्या (मागचं चाक ज्यात बसतं त्या दांड्याच्या) दोन्ही बाजू धरतो, मागचं चाक मोकळं फिरतं. आधी पुढचा ब्रेक रबराने आवळायचा. पहिल्यांदा गाडी सरळ धरायला दुसरा माणूस हवाच. चेन हातानेच फिरवा, इंजिन बंद ठेवून. पुढचं चाक काढायचं असेल तर मात्र हा स्टँड एकटा पुरत नाही.