काश्मीर ऑटम स्पेशल पॅकेज : तीन स्टार, त्यातले दीड ड्रायव्हरचे

आधीच सांगते, कंपनीचं नाव टाकणार नाहीये. नाशिकचीच आहे, ऑफिस छोटंसं, माणसं बोलायला गोड, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. पण ज्यांना लाल झालेला चिनार बघायला काश्मीरला जायचंय त्यांनी हे वाचाच, कारण आमच्या घरात एकाच कंपनीची एकच ट्रिप दोनदा झाली, नणंदेची 2025 च्या दिवाळीच्या सुट्टीत आणि आमची त्यानंतर बारा दिवसांनी, आणि दोघींचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर कोणी म्हणणार नाही की ही एकच बाग आहे.

ऑगस्टमध्ये चौकशीला गेलो तर भिंतीवर हे मोठं पोस्टर, 'काश्मीर ऑटम स्पेशल', फोटोत लालभडक झाडं आणि मागे जपानी देवळाची ती लाल लाकडी कमान. मी म्हटलं दादा, हे काश्मीर आहे? तर म्हणे मॅडम, फोटो रेफरन्सला आहे. बरं. पानंही मेपलची होती, चिनारची नाही, दोन्ही पंजासारखी दिसतात म्हणून खपून जात असेल. मग विचारलं की रंग नक्की कधी भरतो, तर "ऑक्टोबर म्हणजे ऑटमच की मॅडम, आपली बॅच भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघते." म्हणजे आपल्या शाळांना सुट्टी लागली की तिकडच्या झाडांनी लाल व्हायचं. अहो, दिवाळी येते तिथीने आणि चिनार रंगतो थंडीने. 2024 ला लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, 2025 ला 21 ऑक्टोबरलाच आलं आणि 2026 ला अधिक ज्येष्ठामुळे पार 8 नोव्हेंबरला गेलंय. झाडाला याचं काय घेणंदेणं?

हे सगळं मला तेव्हा कळत होतं असं अजिबात नाही हां. दिवाळीत रजा मिळाली नाही म्हणून आम्ही चौघांनी 5 ते 11 नोव्हेंबर वेगळी गाडी करून घेतली, माणशी सात हजार जास्त पडले आणि मी त्यावरून आठवडाभर कुरकुर केली. नणंद आणि भावजी ठरल्याप्रमाणे 24 ऑक्टोबरला बॅचबरोबर गेले. तिचे श्रीनगरच्या निशात बागेचे फोटो आले तर चिनार हिरवेच, शेंड्याला जरा पिवळट झाक, बास. रस्त्याच्या कडेचे पॉपलर मात्र सोनेरी झाले होते, ते आधी रंगतात, आणि श्रीनगरजवळच्या पांपोरला केशराची जांभळी फुलं नुकतीच उमलायला लागली होती, ती तिला बघायला मिळाली. म्हणजे अगदीच फुकट गेलं असं नाही, पण पोस्टर बघून जो माणूस जातो तो पॉपलर बघायला जात नाही ना.

आमची ट्रिप ओझरहून दिल्ली आणि दिल्लीहून श्रीनगर. श्रीनगरमध्ये उतरल्यावर विमानतळावरून गाडी निघाली आणि पहिल्या वळणावरच सासूबाई म्हणाल्या, अगंबाई, झाडाला आग लागल्यासारखं दिसतंय. खोटं नाही. लाल म्हणजे एकच लाल नाही, एकाच झाडावर खाली पिवळा, मध्ये तांबूस आणि वर वीटकरी, आणि ऊन पडलं की सगळं आतून पेटल्यासारखं. साधारण ऑक्टोबरच्या शेवटी सुरुवात होते आणि नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे भर असतो, पुढे पाऊस-वारा झाला की पानं भराभर खाली येतात. तिकडे या मोसमाला हरुद म्हणतात, हे ड्रायव्हरने सांगितलं, कंपनीने दिलेल्या पीडीएफमध्ये हा शब्द कुठेच नाही.

पीडीएफवरून आठवलं, माझी मोठी तक्रार तीच आहे. सहा दिवसांतला एक दिवस गुलमर्ग, एक सोनमर्ग. आता गुलमर्ग साडेआठ हजार फुटांच्याही वर आहे, तिथे चिनार नाहीतच, फर आणि पाइनची झाडं आहेत ती बारा महिने हिरवी. जागा सुंदर आहे, वाद नाही, पण नाव ऑटम स्पेशल आणि दोन दिवस हिरवी झाडं बघायची? आणि ज्याच्यासाठी जायचं ती नसीम बाग यादीतच नाही! आमच्या ड्रायव्हरभाईंनीच दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, "मॅडम, नसीम बाग नहीं देखा तो हरुद क्या देखा," आणि स्वतःहून साडेआठला तिकडे नेलं. हजरतबल दर्ग्याजवळ काश्मीर विद्यापीठाच्या आवारात आहे, गेटवर ओळखपत्र दाखवून आत गेलो. अकबराच्या काळातली बाग, कारंजी नाहीत, पायऱ्या नाहीत, नुसते शेकडो म्हातारे चिनार आणि खाली घोट्यापर्यंत पानांचा थर, त्यातून कॉलेजची पोरं वह्या घेऊन लेक्चरला चाललीयेत, त्यांना कशाचं काही नाही, जसं आपल्याला पंचवटीतून जाताना काही वाटत नाही. एका खोडावर क्यूआर कोडची पाटी होती, तिकडे आता चिनारांची नोंदणी चाललीये, ह्यांनी लगेच मोबाईल काढला स्कॅन करायला आणि नेट नाही, कारण प्रीपेड सिम. हेही कंपनीने सांगायला हवं होतं, बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड लागतं.

एका कोपऱ्यात बायका पानं झाडून ढीग करत होत्या. सासूबाईंना वाटलं साफसफाई, तर ती पानं जाळून त्यांचा कोळसा करतात आणि थंडीत कांगडीत, म्हणजे उबेसाठी जवळ धरायच्या छोट्या शेगडीत, घालतात. सासूबाई तिथेच अर्धा तास बसल्या. त्यांना काश्मिरी येत नाही, हिंदी तर आमच्यासमोर कधी बोलल्याच नाहीत, काय बोलणं झालं देव जाणे, पण येताना पिशवीत दोन मुठी पानं होती.

निशातचं मात्र वाटोळं झालं. यादीत ती संध्याकाळी 'शॉपिंगनंतर' होती, आणि शॉपिंग म्हणजे कंपनीच्या ठरलेल्या दोन दुकानांत शालींचे ढीग उघडत अडीच तास. निशातला पोचलो सव्वापाचला, नोव्हेंबरात तिकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे नूरजहानच्या भावाने, आसफ खानने, बारा टप्प्यांची बाग बांधली आणि आम्ही बघितले अडीच टप्पे, तेही अंधुक. दुसऱ्या दिवशी दुपारी भाईजान परत घेऊन गेले, जादा पैसे मागितले नाहीत. त्यांनी सांगितलेलं लिहून ठेवा: नसीम दल लेकच्या पश्चिमेला, तिथे सकाळचं ऊन छान पडतं, निशात समोरच्या काठाला जबरवान डोंगराच्या पायथ्याशी, तिचं तोंड पश्चिमेला, तिथे दुपारी तीन ते साडेचार. एवढ्या एका माहितीने फोटो बदलतात.

चांगलं ते चांगलं. एप्रिल 2025 च्या पहलगाम हल्ल्यानंतर तिकडची बरीच ठिकाणं बंद केली होती आणि टप्प्याटप्प्याने उघडत होती, माझ्या आईने तर जाऊच नका म्हणून तीन फोन केले. तेव्हा कंपनीवाल्यांनी कुठलं उघडं आणि कुठलं बंद ते दर दोन दिवसांनी कळवलं, बंद असलेली जागा दाखवतो म्हणून पैसे लावले नाहीत. हॉटेल स्वच्छ. जेवण 'घरगुती मराठी' म्हणजे रोज पोहे, तिसऱ्या दिवशी पोह्यांनाही कंटाळा आला असेल. रात्री पारा तीन-चारवर जातो, आम्ही निफाडची थंडी बघितलेली माणसं म्हणून मिरवत होतो, पहिल्याच रात्री हीटर मागवला आणि त्याचे रोजचे तीनशे वेगळे लागले, ते बुकिंगला बोललेले नाहीत.

आल्यावर दिंडोरीच्या मामांना फोटो दाखवले. द्राक्षबागवाले, ऑक्टोबरच्या आसपासच्या गोडी छाटणीपासून त्यांना मान वर करायला फुरसत नसते, त्यामुळे ते कधीच कुठे येत नाहीत. बघून म्हणाले, यात काय नवीन, आमच्या शरद सीडलेसला, काळ्या द्राक्षाला, पण रात्री थंडी आणि दिवसा ऊन मिळालं तरच रंग चढतो. मी हसले, नंतर वाचलं तर खरंच तसंच आहे. पानातला हिरवा रंग गेला की पिवळा दिसायला लागतो, तो आधीपासून आत असतोच, पण लाल रंग पान नव्याने बनवतं, साखरेपासून, आणि त्याला स्वच्छ ऊन आणि गार रात्र लागते. काळ्या द्राक्षाच्या सालीत तोच रंग. आपल्याकडची झाडं पानं गाळतात ती फेब्रुवारी-मार्चला, पाणी कमी पडतं म्हणून, आणि कुसुंबाला जी लाल पानं दिसतात ती तर नवी पालवी असते, म्हणजे सगळं उलटंच. ट्रॅव्हलवाल्यांनी मामांना विचारून तारखा काढल्या असत्या तर नणंदेचे पैसे वसूल झाले असते.

2026 ची दिवाळी आणि चिनारचा भर एकत्रच येतोय. म्हणजे सुट्टीवाल्यांना यंदा चान्स आहे, पण विमानाचे रेट आणि गर्दी दोन्ही धरून चाला, बुकिंग लवकर करा. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लिहून मागा, नसीम बाग आहे का, निशात दुपारी आहे का आणि हीटर धरलाय का. शालीच्या दुकानाला नाही म्हणता येतं, आम्हाला उशिरा कळलं.

मागच्या आठवड्यात नणंदेच्या नव्या बुकिंगसाठी परत त्याच ऑफिसात गेलो होतो, तिने 10 नोव्हेंबरची तारीख घेतलीये आणि गुलमर्ग काढून टाकलंय. मी आमचा निशातचा एक फोटो मोठा प्रिंट करून दिला त्यांना, म्हटलं लावा. त्यांनी कौतुकाने घेतला, थँक्यू मॅडम म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. भिंतीवर जपानच आहे.