टाकीची मोटर आणि पिन २७ : जीपीआयओझीरो की लिबजीपीआयओडी?

आमच्या सोसायटीच्या पंपरूममध्ये एक रास्पबेरी पाय ४ (एका बोर्डाचा छोटा संगणक) भिंतीला टांगलेला आहे. त्याला काम एकच. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट काय म्हणतो ते ऐकायचं आणि मोटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरचा रिले (विजेवर हलणारा छोटा स्विच) ओढायचा किंवा सोडायचा. फ्लोट १७ नंबरच्या जीपीआयओवर, म्हणजे प्रोग्रामने वाचता-हलवता येणाऱ्या पिनेवर, रिले २७ वर. एवढ्याशा कामासाठी मी आजवर दोनदा सॉफ्टवेअर बदललं आहे, त्यामुळे ‘पायथनमधून पिना हलवायच्या तर काय वापरू?’ असं कुणी विचारलं की माझं उत्तर जरा लांबतं.

वाटा तशा पुष्कळ आहेत, पण आज नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी मी दोनच लायब्ररी धरतो : जीपीआयओझीरो आणि लिबजीपीआयओडी. जुनं आरपीआय-जीपीआयओ पाय ५ वर चालतच नाही, कारण तिथे पिना मुख्य प्रोसेसरकडून काढून आरपी१ या वेगळ्या चिपकडे दिल्या आहेत आणि ती लायब्ररी थेट जुन्या रजिस्टरांत हात घालते. तिच्याच नावाने चालणारा पर्यायी अवतार मिळतो, पण नवीन घर बांधताना जुनी चौकट कशाला लावायची?

सिसएफएसबद्दल (लिनक्समध्ये फाइलींत लिहून पिना हलवायची जुनी सोय) मात्र चार ओळी लिहायलाच हव्यात, कारण माझी पहिली स्क्रिप्ट त्यावरच होती. ‘एक्स्पोर्ट’ नावाच्या फाइलमध्ये १७ लिहायचं, मग ‘डायरेक्शन’मध्ये ‘इन’. शेलमधून ‘एको’ कमांड दोनदा मारली की झालं. कर्नलवाल्यांनी (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) २०१६ मध्येच, ४.८ आवृत्तीबरोबर, ही पद्धत कालबाह्य ठरवून कॅरॅक्टर डिव्हाइसचा नवा रस्ता दिला होता. मी दुर्लक्ष केलं. चालतंय ना, मग कशाला हात लावा! २०२४ मध्ये नेहमीसारखं अपडेट मारलं, ६.६ कर्नल आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वॉचमनकाकांचा फोन : “साहेब, टाकी कोरडी आहे.” लॉगमध्ये ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. सिसएफएसमधले पिनांचे क्रमांक आता ५१२ पासून सुरू होत होते. माझा १७ आता ५२९ झाला होता. वायर तीच, बोर्ड तोच, पत्ता तेवढा बदललेला. ५२९ लिहून त्या दिवसापुरतं पाणी चढवलं आणि संध्याकाळी दुसरं स्थळ शोधायला बसलो.

साहजिकच आधी जीपीआयओझीरो. याच्याबद्दल वाईट बोलणं मला जड जातं. फ्लोटसाठी ‘बटन’, रिलेसाठी ‘आउटपुटडिव्हाइस’, दोन्हींना पिन नंबर द्यायचा आणि पुढचं वाक्य जवळजवळ बोलल्यासारखं लिहायचं : दाबलं गेलं की हे कर, सुटलं की ते कर. रिले लो (शून्य व्होल्ट) दिल्यावर ओढणारा असेल, आमचा तसाच आहे, तर ‘ॲक्टिव्ह हाय’ खोटं (फॉल्स) ठेवायचं, म्हणजे प्रोग्राममध्ये ‘ऑन’ म्हणजे ऑनच राहतं. ‘पिनआउट’ ही कमांड टर्मिनलमध्येच बोर्डाचं चित्र काढून देते. पंपरूममध्ये ६० वॉटच्या पिवळ्या बल्बखाली उभं राहून तेरावी पिन कुठली ते मोजताना तिची किंमत कळते. (बोर्डावर मोजून तेरावी म्हणजेच जीपीआयओ २७. हा घोळ ज्याने एकदाही घातला नसेल त्याने हात वर करावा.) शिवाय खोट्या पिनांची सोय आहे, म्हणजे बोर्ड नसतानाही लॅपटॉपवर सगळं तर्कशास्त्र तपासता येतं. माझ्या भाच्याने इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टला हेच वापरलं आणि मी त्याला एका शब्दाने अडवलं नाही.

मग बिनसलं कुठे? हाताने चालवलं तर प्रोग्राम झकास. सिस्टमडीची (लिनक्सबरोबर प्रोग्राम आपोआप सुरू करणारी) सर्व्हिस केली की फ्लोट मुका. मोटरचा रिले तोंडी हुकूम मानत होता, २७ नंबर व्यवस्थित वर-खाली होत होता, पण १७ वर ‘फेल्ड टू ॲड एज डिटेक्शन’, म्हणजे पिनेतला बदल टिपायची सोय बसलीच नाही. मी लॉगची शेवटची ओळ वाचली आणि फ्लोटवर संशय घेतला. मल्टिमीटर घेऊन गच्चीवर गेलो, टाकीचं झाकण उघडलं, फ्लोट हाताने वर-खाली केला, बीप येतोय. वायर तपासली, खाली पंपरूममध्ये जोडणी तपासली, सगळं ठीक. चार जिने दोनदा चढून झाल्यावर लॉग वरपासून वाचायची बुद्धी झाली.

कारण असं होतं. जीपीआयओझीरो स्वतः पिनांना हात लावत नाही. खालच्या एखाद्या लायब्ररीकडून काम करून घेतं आणि त्यात पहिली पसंती एलजीपीआयओला असते. ही एलजीपीआयओ सुरू होताना चालू फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी एक छोटी पाइप फाइल तयार करते. मी हाताने चालवत होतो तेव्हा चालू फोल्डर म्हणजे माझं होम, तिथे लिहायला कोण अडवतंय? सर्व्हिस मात्र वेगळ्या साध्या युझरने चालत होती आणि तिचं चालू फोल्डर होतं थेट रूट. तिथे लिहायची परवानगी नाही. फाइल झाली नाही, म्हणून एलजीपीआयओ बसली. इथवर ठीक होतं, इथेच ओरडून थांबली असती तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता. पण जीपीआयओझीरो मनाने फार चांगलं. ‘फॉलिंग बॅक’ असा इशारा लॉगमध्ये सोडून ते पुढच्या लायब्ररीकडे गेलं. ती होती जुनी आरपीआय-जीपीआयओ. ती आउटपुट थेट रजिस्टरांतून हलवते, म्हणून रिले चालला. इनपुटमधला बदल टिपायला मात्र ती सिसएफएसकडे जाते, जुनाच १७ नंबर घेऊन. ज्या दुखण्याला कंटाळून घर बदललं, तेच मागच्या दाराने हजर!

दुरुस्ती एका ओळीची. सर्व्हिस फाइलमध्ये वर्किंग डिरेक्टरी लिहायची, किंवा ‘एलजी_डब्ल्यूडी’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये लिहिता येईल असं फोल्डर द्यायचं. दोष निम्मा माझ्या सर्व्हिस फाइलचा, हेही कबूल. पण माझं मन तिथे उडालं. पंपरूममधल्या वस्तूने मला न विचारता पर्याय शोधावा हे मला नको आहे. जमत नसेल तर तिने सरळ ‘जमत नाही’ म्हणावं.

लिबजीपीआयओडी तसं म्हणते. तिचा स्वभाव सरकारी कारकुनासारखा आहे : अर्ज नीट भरा, मग पिन मिळेल. कुठली चिप, कुठली लाइन, दिशा कुठली, पुल-अप (मोकळी पिन ‘हाय’कडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) हवा का, उलटं लॉजिक आहे का, किती वेळची थरथर दुर्लक्षायची आणि पिन कुणाच्या नावावर. सगळं एकाच मागणीत. दुसऱ्या आवृत्तीत डिबाउन्स, म्हणजे ही थरथर गाळणं, कर्नलकडेच सोपवता येतो. पिन दुसऱ्याकडे असेल तर ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ आणि विषय संपला. मला आवडलेली गोष्ट म्हणजे ते नाव. मी मागणीत ‘मोटर’ असं लिहिलं आहे, त्यामुळे ‘जीपीआयओइन्फो’ ही कमांड मारली की २७ समोर ‘मोटर’ दिसतं, १७ समोर ‘फ्लोट’. जीपीआयओझीरोच्या दिवसांत तिथे नुसतं ‘एलजी’ दिसायचं. जुनी सर्व्हिस बंद करायला विसरून नवी स्क्रिप्ट चालवली की पिन अडवून बसलेला ‘एलजी’ नेमका कोण, हे प्रोसेसची यादी चाळून शोधावं लागायचं.

कारकून म्हटला की त्रासही आलाच. पहिली आणि दुसरी आवृत्ती एकमेकींशी बोलत नाहीत. पायच्या ऑपरेटिंग सिस्टमच्या बुकवर्म आवृत्तीच्या भांडारात १.६ आहे, तिच्या पुढच्या ट्रिक्सीमध्ये २.२, त्यामुळे नेटवर सापडलेलं उदाहरण निम्म्या वेळा आपल्या मशीनवर चालत नाही. मी बुकवर्मवर वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये दुसरी आवृत्ती टाकली. ‘जीपीआयओसेट’ कमांडही पहिल्यांदा चक्रावून टाकते. पहिल्या आवृत्तीत ती लगेच बाहेर पडायची आणि पिन वाऱ्यावर सोडायची. दुसऱ्या आवृत्तीत ती पिन धरून तशीच बसते, प्रॉम्प्ट परत देत नाही. नवख्याला वाटतं हँग झालं. चिपचा नंबरही गृहीत धरू नका. पाय ५ वर बाहेरच्या पिना आधी जीपीआयओचिप४ वर होत्या, पुढच्या कर्नलमध्ये त्या ० वर आल्या. लाइन ‘जीपीआयओ१७’ अशी नावाने मागावी आणि चिप तिच्या लेबलवरून ओळखावी : पाय ४ वर ‘पिनकंट्रोल-बीसीएम२७११’, पाय ५ वर ‘पिनकंट्रोल-आरपी१’. ५२९ चा अनुभव घेतलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

एका बाबतीत दोघी सारख्याच उणे आहेत. प्रोग्राम मेला की पिन कर्नलकडे परत जाते आणि त्यानंतर तिची अवस्था काय राहील याची हमी कोणी देत नाही. लाईट येऊन पाय उठत असतानाही तेच. म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये ‘जीपीआयओ=२७=ओपी,डीएच’ (२७ आउटपुट, आणि ‘हाय’) अशी ओळ मी टाकली आहे, म्हणजे लिनक्स जागं व्हायच्या आधीच फर्मवेअर रिले सुटलेल्या अवस्थेत ठेवतं. (ही फाइल बुकवर्मपासून ‘बूट’मधल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये गेली आहे. जुन्या जागी शोधू नका.) तरी वीज आल्यावर ती ओळ लागू व्हायला काही सेकंद जातातच, म्हणून रिलेच्या इनपुटला ३.३ व्होल्टकडे दहा के-चा एक रेझिस्टर जोडलेला आहे. रिले बोर्डाचा जंपर काढून त्याच्या इनपुटच्या बाजूला ५ ऐवजी ३.३ व्होल्ट दिले, नाहीतर पायच्या ‘हाय’ला तो बोर्ड पुरता सुटायचा नाही. यातलं काहीही कुठली लायब्ररी तुमच्यासाठी करणार नाही.

वेगाबद्दल विचाराल तर मी मोजलं नाही. टाकी भरायला पाऊण तास लागतो, तिथे मायक्रोसेकंद मोजून काय करू? पल्स मोजायचे असतील, सर्वो फिरवायचे असतील तर माझा अनुभव उपयोगाचा नाही.

तेव्हा तुमचं काम टेबलावरचं असेल, समोर बसून चालवायचं असेल, मुलांना शिकवायचं असेल, तर जीपीआयओझीरो घ्या, मजा येईल. फक्त सर्व्हिस करायची वेळ आली की वर्किंग डिरेक्टरी पहिल्याच दिवशी लिहा आणि लॉग वरून खाली वाचा. एकदा भिंतीला टांगून विसरून जायची वस्तू असेल, तर पहिल्या दोन संध्याकाळी लिबजीपीआयओडीचे अर्ज भरण्यात घालवायला माझी तरी हरकत नसते. आमच्या पंपरूममध्ये सध्या तीच आहे. फ्लोटने सलग तीन सेकंद तेच सांगितलं तरच मोटर हलते, आणि शेजारी वॉचमनकाकांच्या आग्रहाखातर जुना हाताचा स्विचही तसाच ठेवला आहे.