यूसीएच-एल१ एलायझा किट: दोन प्लेटनंतरचा अनुभव
उंदराच्या मेंदूच्या नमुन्यांत यूसीएच-एल१ हे एन्झाइम-प्रथिन मोजायला हे ९६ वेलचं (छोट्या खळग्यांच्या प्लेटचं) सँडविच एलायझा किट मागवलं; यात प्रथिन दोन अँटिबॉडींमध्ये पकडून रंगावरून त्याचं प्रमाण मोजतात. पहिली प्लेट वायाच गेली. मे महिन्यात पुण्यात खोकं पोचलं तेव्हा आइसपॅक कोमट झाले होते, आणि सर्वांत तीव्र स्टँडर्डलाही (तुलनेसाठीच्या, प्रमाण माहीत असलेल्या द्रावणालाही) जेमतेम फिकट निळा रंग चढला. बदलून मिळालं, पण दीड महिना गेला.

दुसऱ्या प्लेटने मात्र जीव सुखावला. स्टॉप सोल्यूशन (अभिक्रिया थांबवणारं द्रावण) पडताच निळ्याचा लख्ख पिवळा, ४५० नॅनोमीटर तरंगलांबीला मोजल्यावर स्टँडर्डचा सुरेख वक्र. मेंदूत हे प्रथिन मुबलक असतं, म्हणून नमुने भरपूर पातळ करा. किट एन्झाइमचं प्रमाण सांगतं, ते काम करतंय का हे नाही. त्यासाठी मी युबिक्विटिन-एएमसी (एन्झाइमने तोडल्यावर चमकणारा पदार्थ) वापरते. पुन्हा नक्की घेईन, पण उन्हाळा टाळून.