व्हीजीए पोर्ट पाहून कार्ड घेतलं आणि फसलो

माझा पीसी जुना. तिसऱ्या पिढीचा आय-फाईव्ह, ८ जीबी रॅम. मॉनिटर त्याहून जुना, त्याला मागे फक्त निळा व्हीजीए, म्हणजे चित्राची केबल लावायचं जुन्या पद्धतीचं पोर्ट. तूर विकल्यावर बाबांनी ६ हजार हातावर ठेवले आणि मी जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत गेम चालवायला ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारं कार्ड, शोधू लागलो. 'जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, साडेपाच हजार.' विकणारा नागपूरचा. दारव्ह्याहून यवतमाळ, तिथून नागपूर, सकाळच्या एसटीने गेलो.

त्याने कार्ड लावून दाखवलं. स्क्रीनवर नाव बरोबर, ४ जीबी बरोबर. वर म्हणाला, "काहून टेन्शन घेता भाऊ, तुमच्या मॉनिटरची केबल सरळ लागते याले, कन्व्हर्टरची कटकटच नाही." मला तेच आवडलं. फोनवरून पैसे पाठवले आणि टॉवेलात गुंडाळलेलं कार्ड मांडीवर घेऊन परत आलो.

घरी गेम सुरू केला की दहा मिनिटांत चित्र फाटायचं, हिरवे-गुलाबी चौकोन यायचे आणि पीसी बंद. बाबा म्हणाले, "लाइटीचाच लोचा असन. व्होल्टेज कुठं सरळ रायते आपल्या इथं?" मलाही तेच वाटलं. १८०० रुपयांचा नवा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, आणला. फरक शून्य. याचंच मला जास्त वाईट वाटतं. कार्ड खोटं असेल हे मनातच आलं नाही, आपलीच लाइट, आपलंच जुनं मशीन खराब म्हणत राहिलो.

शेवटी चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, उतरवला. तो म्हणे, जुळणारं हार्डवेअरच सापडत नाही. मग कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर चालवलं. कार्डाच्या नावाआधी कंसात 'फेक'. कंपनीच्या चिन्हाच्या जागी धोक्याचा त्रिकोण. आतली चिप जीटीएक्स ५५० टीआयची निघाली, म्हणजे मार्च २०११ मधली. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कोअर, म्हणजे चिपमधले काम करणारे छोटे भाग, असतात, यात १९२. मेमरी १ जीबी. कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे त्याची ओळख साठवलेल्या आतल्या प्रोग्राममध्ये, फेरफार करून नाव आणि ४ जीबीचा आकडा भरलेला. गेमने १ जीबीच्या पुढची मेमरी मागितली की पुढे काहीच नाही, म्हणून चित्र फाटायचं.

आणि तो व्हीजीए! १०५० टीआय २०१६ साली आलं. त्या पिढीच्या चिपमधून व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नल बाहेरच पडत नाही, मागे डीव्हीआय, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट ही डिजिटल पोर्टं असतात. जुन्या मॉनिटरला कन्व्हर्टर लागणारच. म्हणजे ज्या पोर्टवर मी भाळलो, त्यानेच कार्ड खोटं असल्याचं सांगितलं होतं. सहा पिनची पॉवर केबलही लावावी लागत होती. पण त्यावरून काही ठरत नाही, खऱ्या १०५० टीआयच्या काही मॉडेलना ती असते, बाकीची मदरबोर्डच्या ज्या खाचेत बसतात त्या स्लॉटमधूनच ७५ वॅट घेतात. व्हीजीए दिसला तर मात्र तिथूनच परत फिरा.

जुनं कार्ड घ्यायला जाताना जीपीयू-झेड पेनड्राइव्हवर न्या. २०१८ पासूनच्या आवृत्त्या अशी बनावट कार्डं ओळखतात. समोरच्याने त्याच्या पीसीवर ते चालवू दिलं नाही तर पैसे देऊ नका. नुसतं विंडोजमधलं नाव पाहून मान डोलवू नका, मी तेच केलं. त्याच्यासमोर वीस मिनिटं एखादा जड गेमही चालू द्या.

विकणाऱ्याचा फोन बंद झाला, जाहिरात गायब. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे दिल्यावर सोळा दिवसांनी. तो नंबर लगेच लावायचा असतो, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात. मला तक्रारीचा क्रमांक मिळाला, पैसे अजून नाहीत.

गावातल्या एका पोराने ते कार्ड हजार रुपयांत मागितलं. दिलं नाही. पंख्यावर पक्क्या मार्करने '५५० टीआय, १ जीबी' असं मोठं लिहून ठेवलंय, म्हणजे उद्या कोणाच्याही हाती पडलं तरी दुसऱ्या नावाने विकलं जाणार नाही.