धरणात शिडाची बोट घालायची? आधी बूड पाह्य भो

मामेभाऊ भुसावळचा, दोन महिन्यांपासून एकच भुणभुण, हतनूरच्या बॅकवॉटरला शिडाची बोट घालायची, सेकंडहॅन्ड कोणती घेऊ. फोटो पाठवतो ते सगळे शिडांचे. अरे शीड काय, फाटलं तर नवं येतं, बूड थोडीच बदलता येतं.

शेवटी त्याला घरच्या हौदावर नेलं, परात सोडली आन कढई सोडली. परात मस्त बसली, हलेना, पण काठ दाबत गेलं तर बराच वेळ काही नाही आन मग एकदम पाणी आत. कढई हात लागला की डुलते पण सोडली की परत सरळ. बोटींचं असंच. चपट्या बुडाची सुरुवातीला स्थिर वाटते, नवशिक्याला धीर येतो, पोरांची ऑप्टिमिस्ट बोट तशीच खोक्यासारखी, २.३ मीटरची. गोल बुडाची डगमगते पण पाण्याला कमी घासते, वारा मंद असला तरी सरकते.

पण आपल्याकडं खरा प्रश्न बुडाखालचा आहे. खाली पातं नसेल तर बोट वाऱ्यासोबत आडवी वाहत जाते. मोठ्या बोटींना जड कील असते, म्हणजे बुडाला पक्कं बसवलेलं पातं, ती उलटू देत नाही, पण तापी-पूर्णेनं गाळ आणून ठेवलेल्या काठाला कीलवाली घातली तर ढकलायला ट्रॅक्टर लागेल. राहिली वर उचलता येणारी पाती, डॅगरबोर्ड आन सेंटरबोर्ड. लेझर नावाच्या बोटीला डॅगरबोर्ड, सरळ वर ओढायचं, खाली उथळ आलं आन तुम्ही विसरले तर बोट गपकन थांबते, आपण पुढं. एकदा माझंच असं झालं, गुडघा सोलला आन बोर्डाच्या खाचेला भेग गेली, ते रिपेअर किती दिवस चाललं विचारू नका. सेंटरबोर्ड खिळ्यावर फिरतं, तळाला टेकलं की आपोआप मागं वर जातं. एंटरप्राइज नावाच्या बोटीला हे असतं.

लेझर ४.२३ मीटर, नुसता हल म्हणजे बोटीचं धड ५९ किलो, एकट्यासाठी झकास. एंटरप्राइज दोघांची, ४.०४ मीटर, बुडाला दोन्ही अंगांनी दोन-दोन कोन पाडलेले, म्हणजे परात-कढईच्या मधलं काहीतरी.

दोन हलची कॅटामरान त्याला फार आवडेल आहे. होबी १६ ला खाली बोर्डच नाही, हलचा आकारच ते काम करतो, उथळ पाण्याला भारी, पळते पण जोरात. पण वाऱ्याच्या तोंडातून वळवताना नाकी नऊ येतात, उलटली की एकट्याला सरळ होत नाही, आन रुंदी २.४१ मीटर, गावच्या रस्त्यात समोरून बैलगाडी आली म्हणजे कल्याणच.

दोघं भाऊ जाणार, पाणी उन्हाळ्यात उतरणार, मी एंटरप्राइजच म्हणेन. पाह्यला जाशील तेव्हा डेक मडक्यासारखा वाजवून पाह्य, बद्द आवाज आला तर आत पाणी मुरेल आहे, आन बोर्डाच्या खाचेत टॉर्च मार, भेग दिसली तर कितीही स्वस्त देवो, चहा पिऊन परत ये.