कोल्ड्रिंकवर शहराने कर लावावा का? बर्कली, फिलाडेल्फिया आणि शिकागोकडे पाहून ठरवा

अमेरिकेत स्थायिक होऊन तिथले मतदार झालेल्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न थेट मतपत्रिकेवर येऊ शकतो: आपल्या शहराने साखर घातलेल्या पेयांवर कर लावावा की नाही? निवडणूक जवळ आली की टपालपेटी दोन्ही बाजूंच्या पत्रकांनी भरते. एक बाजू म्हणते, मुलांना मधुमेहापासून वाचवा. दुसरी म्हणते, गरिबाच्या खिशात हात घालू नका. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, म्हणून घोषणा वाचून निर्णय होत नाही. पाहायचं असतं ते कर कसा आखलाय. कॅलिफोर्नियातलं बर्कली, पेनसिल्व्हेनियातलं फिलाडेल्फिया आणि शिकागो जिच्यात येतं ती कुक काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग), या तिघांनी जवळपास एकच कर लावला, पण तिघांची गत निरनिराळी झाली.

आधी हिशेब. कोकच्या १२ औंसांच्या एका कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर असते, म्हणजे नऊ-दहा चमचे. अशा १२ कॅनचा खोका म्हणजे १४४ औंस. बर्कली आणि कुक काउंटीत औंसाला १ सेंट दर होता, त्यामुळे खोक्यावर कर १ डॉलर ४४ सेंट. फिलाडेल्फियात दर दीड सेंट, म्हणजे २ डॉलर १६ सेंट. पाच-सहा डॉलरला मिळणाऱ्या खोक्यावर ही रक्कम जाणवल्याशिवाय राहत नाही, आणि ती जाणवावी हाच आरोग्याच्या बाजूने हेतू आहे.

बर्कलीत नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदान झालं. पेय कंपन्यांनी विरोधात वीस लाख डॉलरहून जास्त खर्च केला, तरी ७६ टक्के लोकांनी बाजूने कौल दिला. त्याच दिवशी शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोत २ सेंटांचा प्रस्ताव बहुमत मिळवूनही पडला. कारण कॅलिफोर्नियाच्या नियमात आहे. कराचा पैसा ठरावीक कामासाठी बांधून ठेवला की दोन तृतीयांश मतं लागतात. तो सर्वसाधारण तिजोरीत जाणार असेल तर साधं बहुमत पुरतं. बर्कलीने दुसरा रस्ता धरला आणि सोबत तज्ज्ञांची समिती नेमली. पैसा कुठे जावा याची शिफारस ही समिती करते आणि निर्णय नगर परिषद घेते. पैसा शाळांतल्या स्वयंपाक-बागकाम उपक्रमाकडे आणि स्थानिक आरोग्य संस्थांकडे गेला. कायद्याने बंधन नसताना शब्द पाळला गेला, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं.

परिणामही दिसला. शहरातल्या कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत पहिल्या काही महिन्यांतच गोड पेयं पिण्याचं प्रमाण २१ टक्क्यांनी घटलं, तर तुलनेला घेतलेल्या ओकलंड आणि सॅन फ्रान्सिस्कोत ते थोडं वाढलं. तीन वर्षांनी बर्कलीत हे पिणं जवळपास निम्म्यावर आलं होतं. ही आकडेवारी लोकांना विचारून गोळा केलेली आहे, त्यामुळे थोडी सावधगिरी हवी. पण लोक पाणी जास्त पिऊ लागले हेही त्याच पाहणीत आलं.

फिलाडेल्फियाची कथा पैशाची आहे. तिथे महापौर मायकेल नटर यांनी २०१० आणि २०११ मध्ये दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा नगर परिषदेने नकार दिला. पुढचे महापौर जिम केनी यांनी वजन-मधुमेहाची भाषाच बाजूला ठेवली. त्यांनी सांगितलं, पूर्व-प्राथमिक वर्ग चालवायचे आहेत, बागा-वाचनालयं दुरुस्त करायची आहेत, त्यासाठी पैसा हवा. जून २०१६ मध्ये नगर परिषदेत १३ विरुद्ध ४ मतांनी कर मंजूर झाला आणि जानेवारी २०१७ पासून लागू झाला. त्याच महिन्यात दोन हजार मुलांच्या जागा सुरू झाल्या.

याच करावरून त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षात वाद पेटला. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणाऱ्या दोघांपैकी हिलरी क्लिंटन यांनी पाठिंबा दिला. बर्नी सँडर्स यांनी मात्र बालशिक्षणाचा पैसा श्रीमंतांकडून घ्या, गरिबांच्या बाटलीतून नको, असं म्हटलं. सँडर्स यांचा मुद्दा मला टाळता येत नाही. उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिलं तर हा कर गरीब घराला जास्त लागतोच. त्याला एकच खरं उत्तर आहे: पैसा त्याच वस्तीत परत येतोय का? वस्तीतल्या मुलाला मोफत वर्गात जागा मिळत असेल तर हिशेब बदलतो.

शहरात करपात्र पेयांची विक्री ५१ टक्क्यांनी घसरली, पण लोक हद्दीबाहेर जाऊन खोके आणू लागले. हद्दीबाहेर वाढलेली ही विक्री वजा केली की निव्वळ घट ३८ टक्के उरते. वर्षाला ९ कोटी २० लाख डॉलरचा अंदाज होता, मिळाले ८ कोटींहून कमी. जुलै २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कर वैध ठरवेपर्यंत वर्गांचा विस्तारही रोखून धरावा लागला. करावर भरवसा ठेवून कायमचा खर्च उभारण्यातली ही अडचण आहे: लोक पिणं कमी करतील तितका पैसा आटतो.

कुक काउंटीत काय चुकलं? जवळजवळ सगळंच. काउंटीला अर्थसंकल्पातली तूट भरायची होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये मंडळात मतं समसमान पडली, तेव्हा अध्यक्षा टोनी प्रेकविंकल यांच्या मताने कर मंजूर झाला. विक्रीकर तिथे आदल्याच वर्षी वाढवलेला होता. त्यात हा कर घाऊक वितरकावर न लावता गल्ल्यावर, ग्राहकाच्या बिलात वेगळी ओळ म्हणून लावला. सरकारी अन्नसाहाय्याच्या कार्डावर घेतलेल्या मालाला असा विक्रीकर लावायला केंद्राचा कायदा मना करतो, त्यामुळे तिथे सूट द्यावी लागली. कुणाला लावायचा, कुणाला नाही, हा घोळ दुकानदारांच्या गळ्यात पडला. न्यायालयाच्या स्थगितीनंतर २ ऑगस्ट २०१७ ला वसुली सुरू झाली. न्यूयॉर्कचे माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी बाजूने आणि कंपन्यांनी विरोधात टीव्हीवर कोट्यवधी ओतले. ऑक्टोबरमध्ये मंडळाने मोठ्या बहुमताने कर रद्द केला आणि १ डिसेंबरला संपला. या पैशातून आपल्याला काय मिळणार, हे कुणालाच बोटाने दाखवता आलं नव्हतं.

आता डाएट पेयांचं. बर्कलीत ती करातून वगळली आहेत, फिलाडेल्फिया आणि कुक काउंटीत धरली. साखर कमी करणं हा हेतू असेल तर डाएटवर कर लावणं चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्राहकाला साखरेकडून बिनसाखरेकडे वळायचं कारणच उरत नाही. भारतात हीच गोष्ट देशभर आहे. सप्टेंबर २०२५ पासून कार्बोनेटेड पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे आणि शुगर-फ्री बाटलीलाही तोच दर. मुंबईची जकात २०१७ मध्ये गेल्यावर असा कर स्वतःच्या हातात घेण्याची सोय महापालिकेला राहिलेली नाही, त्यामुळे इकडे मागणी करायची ती जीएसटी परिषदेकडे: दर साखरेच्या प्रमाणावर ठरवा. ब्रिटनने २०१८ पासून तसं केलं आणि कंपन्यांनी आपणहून साखर उतरवली. एकट्या शहरासाठी कुणी पाककृती बदलत नाही, ही स्थानिक कराची मर्यादा मान्य करायला हवी.

तुम्ही कॅलिफोर्नियात असाल तर आणखी एक पेच आहे. २०१८ मध्ये राज्याने असे नवे स्थानिक कर २०३० अखेरपर्यंत रोखले. ही बंदी मोडणाऱ्या शहरांना होणारी शिक्षा न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सांताक्रूझच्या मतदारांनी २ सेंटांचा कर थोडक्या फरकाने मंजूर केला. म्हणजे तुमच्याही गावात विषय निघू शकतो. माझं मत सांगते: वितरकावर लावलेला, डाएट वगळलेला, पैशावर नागरिकांची समिती असलेला कर समोर आला तर मी होकार देईन. गल्ल्यावर वसूल होणारा आणि तूट भरायला काढलेला असेल, तर नकार.